लाल मेणाची कृपा

जुन्या गोदामाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. फाटकापासून थेट रस्त्याच्या वळणापर्यंत गाड्याच गाड्या. काही आपल्या चाकांवर आलेल्या, काही दोर बांधून ओढून आणलेल्या, एक तर चौघांनी मिळून ढकलत आणलेली. ते चौघे कठड्यावर बसून घाम पुसत होते आणि मालक त्यांची समजूत घालत होता, "जाताना ढकलायला नाही लागणार, बघाच तुम्ही. आपली आपण जाईल."

समोर फळ्यांच्या चौथऱ्यावर किल्लीबाबा उभे होते. अंगात पांढरा पायघोळ झगा, गळ्यात माळ. माळेत मणी नव्हते, किल्ल्या होत्या. बाबा जरा हलले की खुळखुळ व्हायचं आणि खुळखुळ झालं की पुढच्या रांगेतले लोक हात जोडायचे.

"गाडी म्हणजे काय?" बाबांनी विचारलं.

"देह!" गर्दी ओरडली.

"पेट्रोल म्हणजे काय?"

"रक्त!"

"आणि बॅटरी?"

इथे गर्दीची जरा फाटाफूट झाली. कुणी मन म्हणालं, कुणी आत्मा. बाबा माफ केल्यासारखे हसले. "बॅटरी म्हणजे पुण्याई, लेकरांनो! ती संपली तर कुठला मेकॅनिक भरून देणार आहे?"

बॅटरी कोपऱ्यावरचा कुठलाही मेकॅनिक भरून देतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरीही माना डोलल्या.

डॉक्टरीण आपल्या गाडीला टेकून हे सगळं ऐकत होती. ती भूलतज्ज्ञ होती. सकाळपासून ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहून थेट इथे आली होती, मास्कच्या पट्टीचा वळ अजून नाकावर होता. मागच्या सीटवर सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. नवरा तळहातावर किल्ली ठेवून रांगेत उभा होता. तो छापखान्यात काम करायचा, उंच, आडमाप, चपलेचे अंगठे महिन्याला तोडणारा. रांगेत मात्र अगदी शाळेतल्या मुलासारखा उभा होता.

त्यांची पाळी आली. बाबांच्या शिष्याने किल्ली घेतली. या शिष्याचं मौन होतं म्हणे, कित्येक वर्षांचं. त्याने इतर दोघांच्या मदतीने गाडी ढकलत शेडमध्ये नेली आणि जाड पडदा ओढून घेतला. याला 'एकांत' म्हणायचे.

"आत फक्त गाडी आणि माझा शब्द," बाबा म्हणाले आणि पडद्याआड गेले. शिष्य आतच होता. त्याला कुणी हिशेबात धरतच नव्हतं.

बराच वेळ आतून गुणगुण ऐकू येत राहिली. मग घंटा वाजली, पडदा सरला. बाबांनी किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली. "श्रद्धेनं फिरव."

नवऱ्याने फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. आवारात जयजयकार झाला, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरिणीचं लक्ष मात्र शिष्याच्या हातांकडे गेलं. सवयच ती, माणूस समोर आला की आधी नखं बघायची. शिष्याच्या नखांत काळं होतं. मातीचं नव्हे, ग्रीसचं.

तिने तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पाय दुखत होते, आणि गाडी तर चालू झाली होती.

*

गाडीचं दुखणं जुनंच होतं. किल्ली फिरवली की दिवे लागायचे, काटे हलायचे, पण इंजिन हूं की चूं करायचं नाही. परत फिरवा, परत गप्प. मग अचानक कधीतरी, काहीच झालं नसल्यासारखी सुरू. दोन गॅरेज झाली. गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्या मुलासारखी वागायची. "होतेय की चालू!" मेकॅनिक म्हणायचा. "काही नाही ताई, तुम्हाला उगीच वाटतं."

किल्लीबाबांच्या एकांतानंतर काही दिवस गाडी नीट चालली. मग पुन्हा रुसली. पुन्हा बाबा, पुन्हा पडदा, पुन्हा जयजयकार. आणि आता एक नवीच गोष्ट लोकांच्या ध्यानात आली. गाडी नवऱ्याच्या हाताने बहुतेक वेळा चालू व्हायची आणि डॉक्टरिणीच्या हाताने बहुतेक वेळा व्हायची नाही. एकाच सकाळी, त्याच किल्लीने. ती खटपट करून थकायची, तो येऊन बसायचा, बाबांनी दिलेले शब्द पुटपुटायचा आणि गाडी चालू.

"बघितलंस?" नवरा म्हणायचा. त्याचा आवाज टोचणारा नसायचा, काळजीचाच असायचा. म्हणून ते जास्त लागायचं. "तू एकदा मनापासून म्हणून तर बघ."

बाबांनी तर निकालच देऊन टाकला होता. "या गाडीत अश्रद्धा बसते. पुढच्या सीटवर, उजव्या बाजूला."

शेजारीपाजारी ते हसून सांगू लागले. इस्पितळाच्या पार्किंगमध्ये वॉचमन तिला गाडी ढकलायला मदत करताना म्हणाला, "मॅडम, मनात काही आणू नका, पण तुम्ही बाबांवर विश्वास ठेवायला काय हरकत आहे?" दिवसभर लोकांना भूल द्यायची आणि घरी येऊन घरच्यांची भूल उतरवायची, दोन्ही कामं एका माणसाने करायची म्हणजे दमछाक होते. त्यातलं पहिलं निदान वेळेत संपतं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण तिसऱ्या खेपेला बाबांनी गाडीकडे बघता बघता सासूबाईंकडे बघितलं.

"आई, जो अडथळा गाडीत आहे, तोच तुमच्यात आहे. गोळ्यांनी तो दबतो, निघत नाही. सोडा त्या. मी पाणी भारून देतो."

सासूबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या. वर्षानुवर्षं घड्याळ लावून घेतलेल्या गोळ्या. गोळ्यांची दोन पाकिटं देव्हाऱ्यात ठेवावीत तशी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली आणि पाण्याची बाटली उशाशी घेतली.

डॉक्टरिणीने समजावलं. चित्र काढून दाखवलं. रागावली. एकदा पाया पडायचीही तयारी दाखवली.

"आई, तुमचं बीपी वर गेलेलं दिसतंय मला मशीनवर. हे बघा आकडे."

"तुझ्या मशीनला काय कळतंय?" सासूबाई शांतपणे म्हणायच्या. त्यांनी सगळा संसार शिलाई मशीन चालवून उभा केला होता, मशीनबद्दल त्या अधिकाराने बोलायच्या. "गाडीला बाबांनी गोळ्या दिल्या होत्या का? नाही ना? मग झाली की नाही चालू?"

गाडी खरंच चालू झाली होती. तिच्या सगळ्या शिक्षणापेक्षा त्या एका आवाजाचं वजन घरात जास्त होतं.

*

एका दुपारी सासूबाईंच्या हातातला कप सुटला. "काय झालं?" असं विचारलं तर त्या काहीतरी बोलल्या, पण शब्द जिभेवरच घसरले. ओठाची एक कड खाली आली होती.

डॉक्टरिणीला पुढचं काही विचारायची गरज नव्हती. तिने त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत आणलं. किल्ली फिरवली. दिवे लागले. बाकी शांतता. पुन्हा. पुन्हा. मागे सासूबाई उजव्या हाताने बाबांच्या पाण्याची बाटली चाचपडत होत्या. डॉक्टरीण गाडीतून उतरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि समोरून येणारी पहिली टॅक्सी तिने जवळजवळ अंगावर घेऊनच थांबवली.

थोडक्यात निभावलं. संध्याकाळपर्यंत ओठ सरळ झाला, शब्द जागेवर आले. "मेंदूचा रक्तपुरवठा काही वेळ अडला होता," वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं. "पुढच्या वेळी असाच सुटेल याची खात्री नाही. गोळ्या का बंद केल्या?"

नवरा जमिनीकडे बघत राहिला. सासूबाई मात्र उशीवरून बोलल्या, "गाडी बाबांनीच अडवली. माझी परीक्षा होती. पार पडले मी."

डॉक्टरिणीने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. बोलायचं सगळं बोलून झालं होतं. वॉर्डात असेपर्यंत त्या गोळ्या घेतील, घरी गेल्या की पुन्हा कपाटाची वरची फळी. आधी ती गाडी सोडवायला हवी, हे तिला तेव्हा कळलं. गोळ्यांचं भांडण गोळ्यांवर सुटणारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली. सकाळी खाली येऊन गाडीत बसली. किल्ली फिरवली, गाडी गप्प. तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. कालचा दिवस अंगात मुरला होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. आणि मग, कुणाला सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट तिने केली. पाय गच्च रोवून, डोळे मिटून बाबांचे ते शब्द पुटपुटले आणि किल्ली फिरवली.

गाडी चालू झाली.

क्षणभर, अगदी क्षणभरच, तिला वाटलं की आपण चुकलो. सगळे बरोबर आहेत, आपणच तेवढे आडमुठे. आणि त्या वाटण्यात एक सुखही होतं. आता भांडावं लागणार नव्हतं.

मग तिने गाडी बंद केली आणि तेच शब्द म्हणत पुन्हा किल्ली फिरवली. गाडी गप्प.

"अच्छा," ती म्हणाली.

रोगी बोलत नसेल तर हकीकत दुसरीकडून काढावी लागते. शब्द दोन्ही वेळा तेच होते. मग वेगळं काय होतं? पहिल्या वेळी ती दमून, कळवळून, सगळा भार पायांवर टाकून बसली होती. दुसऱ्या वेळी नेहमीसारखी. तिने डावा पाय क्लचवर ठेवला, आता शब्द न म्हणता, पण नवऱ्याच्या थाटात दाणकन दाबला. चालू. हलक्या पायाने दाबला. गप्प. दाणकन दाबून वर गाडीला दोन सणसणीत शिव्या दिल्या. तरी चालू. अश्रद्धेचं गाडीला काहीच वावडं नव्हतं.

मोबाइलचा टॉर्च लावून ती पेडलखाली आडवी झाली. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय गाडी चालू होऊ नये, म्हणून पेडलसमोर एक बटण असतं. पेडलला एक लोखंडी पट्टी आणि त्या पट्टीत बसवलेलं रबरी बूच. पाय दाबला की बूच बटणावर टेकतं, गाडीला कळतं की हो, क्लच दाबलाय. इथे पट्टी होती, बटण होतं, बूच नव्हतं. नुसतं भोक. पेडल दाबलं की बटण नेमकं त्या भोकात शिरायचं, दाबलंच जायचं नाही. कुणी जोरात तिरकं दाबलं तरच भोकाची कड बटणाला लागायची. नवऱ्याचा पाय तसा पडायचा. तिचा नाही.

आणि खाली मॅटवर, तिच्या नाकासमोर, लाल मेणाचा एक चपटा गोळा पडला होता. त्यावर त्या भोकाचा गोल ठसा अगदी स्पष्ट उमटला होता.

तिने तो उचलून भोकाशी धरला, ठसा तंतोतंत जुळला. मग हसू आलं, पण ते फार वर येऊ शकलं नाही. घरात जाऊन तिने इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीचं रबरी बूच काढलं, जरा कातरलं आणि भोकात बसवलं. त्यानंतर गाडी दर वेळी चालू झाली. हलक्या पायाने, जड पायाने, शब्दांसकट, शब्दांशिवाय.

नवऱ्याला तिने काही समजावलं नाही. फक्त बूच काढून, घालून दाखवलं. त्याने खाली वाकून बघितलं.

"म्हणजे ते पडद्याआड... मेण?"

"हो. उन्हाने मऊ झालं की पडतं."

"मग रबरच का नाही लावलं त्यांनी? रबर टिकलं असतं."

"टिकलं असतं तर तू परत गेला असतास का?"

नवऱ्याचे कान लाल झाले. पण सासूबाई घरी आल्यावर एवढ्याने ऐकणार नव्हत्या. "तुला ते बूच सुचलं, तेही बाबांनीच सुचवलं," त्या म्हणाल्या. "बाबांसमोर दाखव, मग मानते."

"चला," डॉक्टरीण म्हणाली.

*

आवारात तशीच गर्दी होती. देह, रक्त, पुण्याई सगळं झालं. त्यांची पाळी आली तेव्हा डॉक्टरिणीने घरच्यांच्या देखत बूच काढून पर्समध्ये टाकलेलं होतं.

"अश्रद्धा आली वाटतं," बाबा गर्दीकडे बघून म्हणाले. लोक हसले.

"आली," डॉक्टरीण म्हणाली. "एकच विनंती आहे. आत फक्त गाडी आणि तुमचा शब्द असतो, असं तुम्हीच सांगता. मग आज तसंच होऊ द्या. हे तुमचे शिष्य बाहेर बसू देत, माझ्या सासूबाईंशेजारी."

"शिष्य म्हणजे माझी सावली."

"मग उन्हातच बसू दे सावलीला."

गर्दीत कुणीतरी खुसखुसलं. मागून एक जण म्हणाला, "बसू द्या की बाबा, काय फरक पडतो!" दुसरा म्हणाला, "तुमचा शब्द पुरेसा आहे!" ही माणसं बाबांच्या बाजूने बोलत होती. त्यामुळेच बाबांना नाही म्हणता येईना. शिष्य येऊन सासूबाईंशेजारी बसला, हात झग्यात लपवून.

बाबा एकटे पडद्याआड गेले. गुणगुण सुरू झाली. ती नेहमीपेक्षा बरीच लांबली. मधेच गाडीचं दार उघडल्याचा आणि बाबांचं डोकं कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. शेवटी घंटा वाजली.

बाबांनी किल्ली नवऱ्यापुढे धरली. डॉक्टरीण म्हणाली, "त्याला नको. आमच्या घरात सगळ्यांत जास्त श्रद्धा आईंची आहे. त्या फिरवतील."

सासूबाई गाडीत बसल्या. नवऱ्याने गिअर न्यूट्रलमध्ये असल्याचं बघितलं, त्यांचा पाय क्लचवर ठेवून दिला. शिलाई मशीनची सवय असलेला पाय अलगद खाली गेला. डोळे मिटून, ओठ हलवत त्यांनी किल्ली फिरवली.

काही नाही. पुन्हा फिरवली. दिवे लागले, विझले. आवारात इतकं शांत झालं की बाबांच्या माळेतल्या किल्ल्या ऐकू आल्या.

"आई," बाबा हळहळून म्हणाले, "तुमची श्रद्धा कमी पडली."

सासूबाईंनी डोळे उघडले. मान वळवून बाबांकडे बघितलं.

"माझी?" त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर गोळ्या सोडल्या मी. तोंड वाकडं झालं माझं, तरी पोराला आणि सुनेला ऐकवत होते की ही परीक्षा आहे. मरता मरता तुमचं पाणी शोधत होते. आणि माझी श्रद्धा कमी पडली?" आता एकेक शब्द स्वच्छ येत होता. "सूनबाई, लाव गं तुझं ते बूच."

डॉक्टरिणीने खाली वाकून बूच बसवलं. सासूबाईंनी तसाच अलगद पाय दाबला, किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. त्यांनी बंद केली, पुन्हा चालू केली. पुन्हा. पाचोळ्यासारखी कुजबुज गर्दीत पसरली. ढकलून आणलेल्या एका गाडीचा मालक पुढे घुसला आणि त्याने शिष्यालाच धरलं. "आणि माझी? माझ्या गाडीला काय केलं होतंस रे?"

गोंधळलेला शिष्य गॅरेजातल्या जुन्या सवयीने बोलून गेला, "तुमच्या बॅटरीची वायर ढिली होती."

मौन सुटलं होतं. ज्याला ते सुटलेलं ऐकू आलं नाही, त्याला शेजाऱ्याने सांगितलं.

*

त्यानंतर सगळे शहाणे झाले, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. निम्मी गर्दी ओरडत, भांडत निघून गेली. थोडे लोक तिथेच रांगेत उभे राहिले. त्यातला एक जण डॉक्टरिणीला म्हणाला, "तुमच्यासारख्यांमुळे शक्ती निघून जाते हो." तिने मान हलवली. वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. घरी येऊन सासूबाईंनी कपाटाची वरची फळी चाचपली, पाकीट काढलं, गोळी घेतली आणि "कडूच आहे मेली" म्हणून चेहरा वाकडा केला. या खेपेला मुद्दाम.

गाडी दुरुस्त झाली होती, हे खरंच होतं. म्हणूनच लोक फसले. चालू झालेल्या गाड्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, चालू न झालेल्या गाड्या मुकाट्याने घरी उभ्या असतात आणि त्यांच्या मालकांना आपलीच श्रद्धा कमी पडली असं वाटत असतं. कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी दोन गोष्टी विचारा. पडद्याआड कोण होतं? आणि किती वेळा जमलं नाही? रागाने नको, साधेपणाने विचारा. खरं असेल तर उत्तर देणाऱ्याला राग येणार नाही. आणि कृपा करून, दुसऱ्या कुणाची गाडी चालू झाली म्हणून आपलं औषध बंद करू नका.